पिन धरणारा

आरमोरीच्या बाजारात प्रफुलचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. तिथं भर दुपारी गुणाबाई आल्या. लेकीचा जुना लॅपटॉप त्यांनी धुतल्या टॉवेलात असा गुंडाळला होता, की कोणी म्हणावं देव्हाऱ्यातला देवच उजळायला काढलाय. त्यात त्यांच्या गेलेल्या मालकांचं, देवाजी महाराजांचं, शेवटचं काल्याचं कीर्तन होतं. उद्या गावच्या सप्ताहाचा काला. कीर्तनकार मिळाला नव्हता, आणि काल्याच्या कीर्तनावाचून सप्ताह उठत नाही. म्हणून महाराजांचंच कीर्तन मंदिरात लावायचं ठरलं होतं.

"चार्जिंग होत नाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे, घरी होते. इथी नाई होनार."

प्रफुलनं दुसरा चार्जर लावून पाहिला. पोर्टमधली धूळ ब्रशनं काढली. बॅटरी पुरीसारखी फुगली होती, ती काढून बाजूला ठेवली. आत पाहतो तर पोर्टचे सोल्डरिंगचे टाके सुटलेले. पिन बोटानं दाबून धरली की दिवा लागे, जरा श्वास घेतला की जाई. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, ती दिसेचना. परत बसवली.

"बाई, पोर्ट नागपूरहून मागवा लागते. चार दिवस."

"चार दिवसानं लावून काय करू? काला उद्या आहे."

"मंग घरी कसं चालते म्हणता?"

"घरी हे धरतेत."

प्रफुल हसला. "असा एक हेल्पर मले पण द्या, बाई. बिनपगारी."

"जन्मभर बिनपगारीच होते, बाबू," गुणाबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

घरी चालतोय तेवढ्यात कीर्तन उतरवून घेता येतं का पाहू, म्हणून पेनड्राइव्ह खिशात टाकून तो त्यांच्यासोबत गावी गेला. ओसरीवर महाराजांचा चौरंग तसाच होता. त्यावर लॅपटॉप ठेवून त्यानं पिन लावली. पिन लोंबली. मग आपसूक वर आली, सरळ झाली, खालून कोणी अंगठा लावावा तशी. दिवा लागला, आणि लुकलुकलाही नाही.

वायर ताणली गेली असेल, असं प्रफुलनं मनाला सांगितलं. कॉपी सुरू केली. जुनं मशीन, पाऊण तास दाखवत होतं. आवाज नीट आहे ना म्हणून त्यानं कीर्तनही लावून पाहिलं. गोपाळ शिदोऱ्या सोडतायत, देव एकेकाच्या पानातला घास मागतोय. महाराजांचा तो आवाज म्हणजे गुळाचा पाक. दोन मिनिटं ऐकून त्यानं कीर्तन बंद केलं.

पिन लोंबली, दिवा गेला. कॉपीही तुटली.

"काऊन थांबवलं?" गुणाबाई दारातून म्हणाल्या.

"आवाज बराबर आहे, पाहून घेतला."

"कीर्तन अर्ध्यात मोडते का कोणी? गावचा पाटील एकदा मधातूनच उठला होता. ह्यायनं त्याले दारातून परत आणून बसवलं."

प्रफुलनं लोंबती पिन बोटानं दाबायला हात घातला. तिथं आधीच कोणाचं तरी बोट होतं. पहाटेच्या रेतीसारखं गार, टाळाच्या दोरीनं घट्टे पडलेलं. आणि ते ठेका धरून होतं. प्रफुलनं हात मागे घेतला. त्याच्या डोळ्यांदेखत दिवा पुन्हा लागला.

"पयल्यापासून लाव," गुणाबाई म्हणाल्या. "अन् मांडी घालून बस."

कॉपी आणि कीर्तन पुन्हा सुरू करून तो बसला. पाऊण तासात कॉपी झाली, पण उठायची छाती झाली नाही. पिन ठेक्यावर थरथरत होती. ओसरीवरचं ऊन अंगणात उतरलं.

"वर्षभर कोणाले दाखवला नाई मी हा," गुणाबाई हळूच म्हणाल्या. "दुरुस्त झाला असता, तर धरायले कोण आलं असतं? पण गावाचा काला अडवून कसा ठेवू?"

कीर्तनात हंडी फुटली. जयघोष झाला. प्रफुलनं पेनड्राइव्ह काढून त्यांच्या ओंजळीत ठेवला. तो कपाळाला लावून त्या रिकाम्या चौरंगाकडे वळल्या.

"सोडा आता. हात दुखला असन."

पिन हलली नाही.

"सोडा म्हणते ना. मी राहीन एकटी."

पिन हळूहळू बाहेर सरकली आणि चौरंगावर आडवी झाली. पडदा काळा पडला. अंगणातल्या कोंबड्या एकाएकी गप्प झाल्या, मग पुन्हा दाणे टिपू लागल्या. गुणाबाईंनी त्या पिनेवरून एकदा हात फिरवला. ती गरम असायला हवी होती, पण गार लागली; त्यांनी हात पदरात ओढून घेतला.

"बाबू," त्या म्हणाल्या, "तो पोर्ट मागवून घे. आता लागन."