एकोणीस चुका

गोव्यातल्या तुयेच्या कारखान्यात बाटल्या खोक्यांत भरणारी रेश्मा आठवड्यातून दोनदा, शिफ्ट सुटली की थेट पेडण्याला कृष्णनाथ सरांकडे इंग्रजी लिहायला शिकायला जायची. ती मूळची नदीपलीकडल्या सातार्ड्याची. सर निवृत्त हेडमास्तर. बलकांवात, घरापुढच्या ओसरीत, खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या सोप्यावर, दगडी बाकावर, तिला बसवायचे. तिची वही हातात घेतली की आधी नाक मुरडायचे.

"तुम्हां पलीकडच्या लोकांची जीभ मुळातच जड," ते म्हणत. "त्यात तू दहावी नापास. दगडावर पाणी घालतोय मी."

रेश्मा खाली मान घालून ऐकून घेई. सर तिला मनापासून आवडत नसत, पण पंचक्रोशीत त्यांच्याइतकं नेटकं इंग्रजी कुणाचं नव्हतं. आठ महिन्यांत ती पानभर लिहू लागली होती.

मार्चमध्ये कारखान्याच्या सुपरवायझरने, राजेशने, बायकांच्या संडासाला कुलूप घातलं. जेवणाच्या सुट्टीत तेवढं उघडायचं. बायकांनी पाणी पिणंच सोडलं. शेवंता तर एक दिवस खोक्यांच्या ढिगापाशी चक्कर येऊन पडली. मालकांचं ऑफिस मुंबईला, तिथे मराठी अर्ज कोण वाचणार? अकरा बायकांनी रेश्माला पुढे केलं. तिने तीन रात्री खपून पत्र लिहिलं आणि तपासायला सरांकडे नेलं.

सर वाचत गेले तसा त्यांचा चेहरा आक्रसत गेला. "ठेवून जा. स्वच्छ लिहून देतो."

दोन दिवसांनी त्यांनी टाइप केलेला कागद दिला. बसची वाट बघताना रेश्माने तो वाचला. कुलपाचा उल्लेखच नव्हता. शेवंताही नव्हती. आमच्या गैरसमजामुळे कामात अडथळा आला, त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो, एवढंच सुबक इंग्रजीत लिहिलं होतं. वर्षभरापूर्वी तिला यातलं काही कळलं नसतं. तिने खाली सही ठोकली असती.

ती तशीच मागे फिरली.

"सर, ह्या मी लिवक नाय."

"तू लिहिलं होतंस ते भांडण होतं," सर म्हणाले. "वरच्यांना असं लिहीत नाहीत. राजेश माझा विद्यार्थी. मी त्याला फोन केलाय, तो समजून घेईल."

"तुमी तेका सांगितलात?"

"तुझी नोकरी वाचवली मी. उपकार मान."

"माझो कागद द्या."

त्यांनी तो तिच्या अंगावर भिरकावला. "या घराची पायरी पुन्हा चढू नकोस."

दुसऱ्या दिवशी राजेशने तिला बाटल्यांवरून काढून माल चढवायच्या कामाला लावलं. तरीही तिने आपलंच पत्र, होतं तसं, स्वतःची धरून बारा सह्यांनिशी मुंबईला पाठवलं. मुंबईहून उत्तर आलं नाही. पत्र मात्र उलट टपाली राजेशकडे आलं, आणि त्याने ते सरांना दाखवलं.

आठवड्याभराने एक पाकीट तिच्या घरी आलं. आत तिच्याच पत्राची प्रत होती, तांबड्या शाईने भरलेली. खाली सरांनी लिहिलं होतं: 'एकोणीस चुका. असल्या इंग्रजीवर लोक हसतात.'

तिने तो कागद ओट्यावर पसरला. डोळे भरून आले, ते तिने पदराने खसकन पुसले. मग एकेक खूण बघू लागली. या वेळी सरांनी एकही वाक्य खोडलं नव्हतं. फक्त स्पेलिंगं, काळ आणि शब्दांचे क्रम दुरुस्त केले होते. कुलूप होतं. शेवंताही होती. तिला हिणवायच्या भरात त्यांनी सगळं पत्र शुद्ध करून दिलं होतं.

तिने ते पुन्हा सुवाच्य लिहून काढलं, बायकांच्या ताज्या सह्या घेतल्या आणि स्वतः पणजीला जाऊन कामगार खात्यात दिलं. पंधरा दिवसांनी तपासणीसाठी एक बाई आल्या, थेट संडासाच्या दारापाशी गेल्या. त्याच दुपारी कुलूप निघालं. रेश्मा मात्र माल चढवण्यावरच राहिली. कंबर धरायची, पण तिने राजेशकडे तोंड वेंगाडलं नाही.

पेडण्याच्या गुरुवारच्या बाजारात सर एकदा समोर आले. खात्याकडून कारखान्यात आलेली पत्राची प्रत राजेशने त्यांना दाखवली होती.

"माझ्या दुरुस्त्या वापरल्यास," ते दात आवळून म्हणाले. "चोर."

"व्हय सर," रेश्मा म्हणाली. "एक तुमची चुकलेली. ती मी बदलली."

आणि ती बांगड्यांचा भाव विचारायला वळली.