राखेत ठेवलेला ब्लॉक

पवित्राचं लग्न झालं ते अठ्ठ्याण्णव साल. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि मांडवाबाहेर हॉर्न वाजला. पंगतीकडे निघालेली माणसं तशीच मागे वळली आणि रस्त्याकडे पळाली. नवरीचा बाप मल्लिकार्जुन मिस्त्री व्याह्यांना विडा देत होता. त्याच्या हातातलं तबक हातातच राहिलं. कोण आलंय ते त्याला न बघताही कळलं होतं.

पेठ वडगावच्या गणपतरावांची लाल गाडी होती ती. विलायती, शर्यतीच्या घाटाची, दोन माणसांची, वरून उघडी. गणपतरावांच्या वडिलांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली. तसली दुसरी गाडी पंचक्रोशीत नव्हती. आणि ती चालवत आला होता आकाराम मिस्त्री. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोळ्यांवर गॉगल.

"मल्लू, लेकीची वरात हिच्यातनं काढतो बघ! मालकांनी दिलीया गाडी!"

पवित्राचा चेहरा फुलला. मागच्या झाकणावर सतरंजी टाकून नवरानवरी बसली. आकाराम पायी चालणाऱ्यांच्या चालीनं गाडी पुढं काढू लागला. पुढं महिनाभर भेटेल तो म्हणत होता, "काय दिसत हुती आकारामची गाडी!" जेवणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. लग्नाचं कर्ज मात्र मल्लिकार्जुनच्या डोक्यावर होतं.

दोघंही उद्यमनगरात एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. मल्लिकार्जुन नेसरीहून आला तेव्हा त्याच्या हातात पहिला पाना आकारामनंच दिला होता. पुढं दोघांनी तिथंच एका गल्लीत समोरासमोर गॅरेजं टाकली. ट्रक, ट्रॅक्टर दोघांकडेही येत. खरं तर मल्लिकार्जुनकडे गिऱ्हाईक जरा जास्तच होतं. पण लाल गाडी गल्लीत शिरली की वळायची ती आकारामच्या दारात. मग चहावाला तिकडे, पानवाला तिकडे, शाळेला निघालेल्या मास्तरांची सायकलही तिकडेच. ट्रॅक्टरखाली उताणा पडून मल्लिकार्जुन तिची चाकं बघायचा, आणि मग दिवसभर त्याचं कशात मन लागायचं नाही.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात ती गाडी पहिल्यांदाच त्याच्या दारात आली. ट्रॅक्टरला दोर बांधून, ओढत.

"इंजनाच्या ब्लॉकला चीर गेलीया," गणपतराव म्हणाले. "पाणी आटलं, आन् आमच्या पावण्यानं तापल्या इंजनात गार पाणी वतलं. आता बोल."

"आकारामआण्णाकडं न्हाय न्हेली?"

"न्हेलती की. त्यो म्हणाला, छातीत दम ऱ्हायला न्हाय. मल्लूकडं न्या, त्यो करंल."

कुणी तरी आपलं उष्टं ताट पुढं सरकवावं तसं मल्लिकार्जुनला झालं. "बघून सांगतो," एवढंच तो बोलला.

इंजिन उघडल्यावर त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, चीर लांब होती. दोन, चिरेला लागूनच एक जुना सांधा होता. कधीकाळी आकारामनं भरलेला. मल्लिकार्जुननं डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. सांधा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते बोटाला कळेना. त्यानं परत फिरवलं. एखाद्यानं थोबाडीत मारावी तसा तो सांधा होता.

ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड जोडायचं तर आख्खा ब्लॉक भट्टीत लाल करायचा, बिडाच्याच कांडीनं चीर भरायची आणि लगेच राखेत पुरायचा. आत तो दोन-तीन दिवस हळूहळू गार व्हायला हवा. मध्येच वारा लागला की बीड फुटतं. त्यात हा जुना सांधा. ताव जास्त झाला तर तोही उकलणार. किती ताव त्याला सोसतो, ते फक्त ज्यानं भरला त्याला ठाऊक. दुसरा ब्लॉक कुठं मिळणार नव्हता. जमलं तर सारं उद्यमनगर बघायला येणार. नाही जमलं तर गाडी भंगारात, आणि तिच्यामागनं मल्लिकार्जुनचं नाव.

"मग जावा की समोर आन् इचारा," बायको रत्नव्वा म्हणाली. "रस्ता वलांडला तर पाय झिजत्यात व्हय?"

"त्याला इचारून केलं, तर त्यानंच केलं म्हणतील."

"आन् फुटलं तर कुणी केलं म्हणतील?"

संध्याकाळी तो आकारामकडे गेला.

त्या गल्लीत मिस्त्री लोकांची एक रीत होती. विचारल्याशिवाय दुसऱ्या मिस्त्रीला कामातलं काही सांगायचं नाही. सांगितलं तर तो त्याच्या हाताचा अपमान. आकारामनं चहा सांगितला, पवित्राची चौकशी केली, मध्येच खोकला. मग म्हणाला,

"उघडलंस व्हय इंजन?"

"उघडलंय."

आकाराम वाट बघत राहिला. मल्लिकार्जुन कपाच्या तळाकडे बघत राहिला. शेवटी कप खाली ठेवून तो उठला. "येतो आण्णा."

दुसऱ्या दिवशी त्यानं गणपतरावांना होकार कळवला.

परसात विटांची भट्टी रचली. पेठ वडगावच्या गुऱ्हाळातनं पोती भरून राख आणली. भल्या सकाळी भट्टी पेटवली आणि ताव अंदाजानं धरला. जुना सांधा टिकला. हाताला चटके बसले, भुवया जळाल्या, पण चीर भरली. मग ब्लॉक राखेत पुरला आणि रत्नव्वाला बजावलं, "तिकडं कुणी फिरकायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आकाराम रस्ता ओलांडून आला. दोनदा थांबून, दम खात. टायरवर बसला आणि राखेच्या ढिगाकडे बघत म्हणाला,

"झालं म्हन की."

"झालंय."

"उद्या लेकीकडं गारगोटीला निघालोय. डाक्टर म्हणतोय, हवा बदला. परत कवा येणं हुतंय कुणास ठावं."

म्हणजे हा बघणारच नाही. इतकी वर्षं ज्याला दाखवायचं होतं तोच निघाला.

"थांबा की आण्णा," तो म्हणाला. "बघूनच जावा." आणि त्यानं फावडं उचललं.

आकारामचा हात अर्धवट वर आला आणि परत गुडघ्यावर गेला.

राख बाजूला झाली. ब्लॉक अजून गरम होता, हात ठेववत नव्हता. पण सांधा दिसला. आकाराम उठून वाकला, डोळे बारीक करून त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. त्याचा चेहरा जरासा उतरला. तोच चेहरा बघायची मल्लिकार्जुन जन्मभर वाट बघत होता.

"माझ्यापरास बेस भरलाईस की रं, मल्लू."

तेवढ्यात टिण् असा आवाज झाला. बारीक, पितळी भांड्याला नख लागावं तसा. दोघांनीही तो ऐकला. नव्या सांध्याच्या कडेनं केसाएवढी रेघ सरकत खालपर्यंत गेली.

"झाक, झाक!" म्हणत आकाराम हातांनीच राख ओढू लागला. त्याचा काही उपयोग नव्हता, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी गणपतराव आले. मल्लिकार्जुननं तोंड उघडायच्या आत आकाराम बोलला, "मालक, बीडच थकलंय. मी केलं आस्तं तरी ह्येच झालं आस्तं."

गणपतरावांनी मान हलवली. मल्लिकार्जुनच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. आकारामचं खोटंसुद्धा एका दमात पटलं, आपलं खरं पटलं असतं की नाही कुणास ठाऊक, असं मल्लिकार्जुनच्या मनात आलं. आभार मानायचे सोडून तो जळत उभा राहिला.

पावसाळा सरल्यावर तो एसटीनं गारगोटीला गेला. आकाराम घराच्या पुढच्या सोप्यात खाटेवर होता, उशाला टेकून. केळी खाटेखाली सरकवून मल्लिकार्जुननं एकदाचं विचारलं,

"आण्णा, मी फावडं उचललं तवा आडवलं का न्हाईसा?"

आकाराम उशीवरून जरा वर सरकला.

"मला बी बघायचं हुतं की रं," तो म्हणाला. "तुझा हात माझ्या फुडं गेलाय काय, त्ये बघितल्याबिगर मला गारगोटीला झोप लागली नस्ती."

मल्लिकार्जुननं एक केळं सोललं, अर्धं त्याला दिलं, अर्धं आपण खाल्लं.

आकाराम मिस्त्री दोन हजार एक सालच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी सकाळी, गारगोटीला लेकीच्या घरी वारले.