कुठला परवा?

पानगळ संपत आली होती. खिडकीबाहेरच्या झाडावर चार-दोन पानं तग धरून होती आणि आमच्या बॅगांची तोंडं अजून उघडीच. मी एकीत कपडे भरत होते, माझी अडीच वर्षांची ठकी दुसरीतून ते उपसत होती. रविवारी आम्हा दोघींना निघायचं होतं. नवरा आधीच परदेशी जाऊन बसला होता. फोनवर लेकीचा आवाज ऐकला की तो फोन ठेवायलाच तयार नसायचा. जायचं म्हणजे किमान तीन वर्षं.

त्या संध्याकाळी दादाला फोन लावला. आई त्याच्याकडे असते, दुसऱ्या गावी.

"आईला दे की."

"झोपलीये."

"आत्ता? दिवेलागणीला?"

"हल्ली अंधार लवकर पडतो ना."

"बरं, तिची ती काखेतली गाठ काढायची होती, ती कधी?"

"परवा."

"मग मला सांगायला तोंड नव्हतं का?"

"आता सांगितलं ना! तू सामान भर. फक्त माझ्या भाचीला बॅगेत भरू नकोस."

दादा असाच. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, म्हणून तो विनोदावर नेतो. फोनवर कान दिसत नाहीत.

मी ठरवलं, उद्याच जाऊ. गाठ काढायच्या आदल्या दिवशी आईजवळ असू. सकाळी ठकीला कडेवर घेतलं आणि बस पकडली. कोणाला कळवलं नाही. म्हटलं, आईला जरा चकित करू.

वहिनीनं दार उघडलं. मला बघून तिला हसू आलं, ते तसंच तोंडावर थिजलं. "अगंबाई, तू?" म्हणत ती दार अडवूनच उभी. ठकी मात्र तिच्या बाजूनं निसटून थेट आतल्या खोलीत. आजी दिसली की तिच्या छातीवर जाऊन आडवं व्हायचं, हा तिचा नेम.

"ठकी, नको! थांब!" वहिनी ओरडली.

मी धावले. आई उशांना टेकून पलंगावर होती. ठकी वर चढली होती, पण आडवी झाली नव्हती. आजीच्या सैल गाउनवर हात ठेवून ती एकदा इकडे, एकदा तिकडे चाचपत होती. गाउनखालून एक बारीक नळी निघून शेजारच्या बाटलीत उतरली होती. बाटलीत लालसर पाणी.

"आजी, इकडचं कुठे गेलं?"

मी होते तिथे, फरशीवर बसले.

"डॉक्टरांनी ठेवून घेतलं गं," आई तिला म्हणाली. "तू या अंगाला ये."

मागे दादा येऊन उभा होता.

"तू परवा म्हणालास!"

"परवाच झालं होतं." त्याचे कान अजिबात लाल नव्हते. "परवा मागचाही असतो, पुढचाही. आईनं शपथ घातलेली. तुला हवा तो परवा तू घेतलास."

"आणि आई, तू? साधी गाठ म्हणालीस, दाण्याएवढी!"

"कसला दाणा ते कुठे विचारलंस?" आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "रविवारी गपचूप विमानात बस. पोरीला बाप हवाय. माझ्याजवळ हा आहे, सून आहे."

"आणि मी तीन वर्षांनी आले असते तर..."

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "रविवारी आम्ही येत नाही," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

"हात वर होतो का त्यांचा?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग केस कोण विंचरतं?" आणि उत्तराची वाट न बघता, "थांब तू. तिकिटांचं मी बघतो. ठकीला दे जरा."

आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "एवढा जीव मुठीत धरून गप्प राहिले. सगळं पाण्यात घातलंस."

मी फणी शोधली आणि तिच्या मागे जाऊन बसले. केसांच्या जटा झाल्या होत्या. तिचं तोंड अजून भिंतीकडेच. पण पहिला गुंता सुटला तशी तिनं मान मागे टाकली, सगळा भार माझ्या हातांवर.