तीन फुटी दाराआडची घरगाडी

मित्रांनो, आधी एक कोडं घालते. चौदा फूट लांब आणि सात फूट रुंद अशी एक गाडी खोलीत उभी आहे. खोलीला दार एकच, तेही तीन फुटी. मग गाडी आत आली कशी? शाळेच्या सहलीची मुलं माझ्यापुढे उभी राहून हेच विचारायची आणि मोठी माणसं हसायची. मला कधी हसू आलं नाही, कारण ती गाडी मीच.

मी एक जुनी घरगाडी आहे. मोटारीच्या मागे जोडायची आणि जाऊ तिथे संसार मांडायचा, अशी. हार्म व्हेल्डहाऊस नावाच्या सुताराने १९५३ साली, अमेरिकेत मिशिगन सरोवरापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःच्या शेडमध्ये मला बांधलं. हार्म भारी नेटका माणूस. लाकडाला हात लावण्याआधी त्याने शेडचं दार मोजलं. एकदा नव्हे, तीनदा. त्याची बायको अल्विना कॉफीचा कप घेऊन बघत होती.

"लग्नाआधी माझीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हतीस!" ती म्हणाली.

"तू दारातून मावणार हे दिसत होतं," हार्म म्हणाला. "हिचं आधीच बघितलेलं बरं."

बाहेरून चकचकीत पत्रा, आत दोन बाकं, मिटणारं टेबल आणि अल्विनाने शिवलेले पिवळे पडदे. मी फार देखणी होते हो. उगाच कशाला लाजू?

१९५५च्या उन्हाळ्यात आम्ही सात गाड्या सरोवराकाठच्या एका कुरणात उतरलो होतो. ओळख ना पाळख, पण घरगाडीवाल्यांचं तसंच असतं. संध्याकाळपर्यंत एकीचं बटाट्याचं सॅलड दुसरीच्या टेबलावर पोचलेलं असतं. शेवटच्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि जो तो घाईने निघून गेला. आम्हीही निघालो. दुसऱ्या दिवशी अल्विनाला आठवलं, की कंदील झाडाला टांगलेलाच राहिला. तो आणायला परत गेलो, तर झाडीमागे मुल्डर कुटुंबाची गाडी आसापर्यंत चिखलात रुतलेली! क्लास मुल्डरचा पाय मुरगळलेला, बायको रडकुंडीला आलेली आणि नऊ महिन्यांचा लॉयड भुकेने टाहो फोडत होता. सहा गाड्या त्यांच्या समोरून गेल्या होत्या, पण मागे कोणी राहिलं का हे एकानेही विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

हार्मने त्यांना ओढून बाहेर काढलं. सातही कुटुंबांना गाठून त्याने पुढच्याच रविवारी माझ्या मिटणाऱ्या टेबलाभोवती क्लब स्थापन केला. पहिला नियम अल्विनाने सांगितला. एक नंबरची गाडी सगळ्यांत शेवटी निघेल, आणि मैदानात कोणी राहिलेलं नाही याची खात्री केल्याशिवाय हलणार नाही. त्याच दिवशी माझ्या कपाळावर लाल रंगात मोठा '१' हा आकडा आला.

तेव्हापासून प्रत्येक मेळाव्याच्या शेवटी अल्विना आपल्या वडिलांच्या गोठ्यातली घंटा घेऊन सगळं मैदान पालथं घालायची. घंटा वाजवायची आणि ओरडायची, "कोणी राहिलं का?" तीनदा. उत्तर आलं नाही, की मगच हार्म मोटार सुरू करायचा. एकदा न्हाणीघरातून आवाज आला होता, "राहिलोय, राहिलोय! माझा टॉवेल कोणी नेला?" एकदा एक म्हातारा कुत्रा सापडला, एकदा एका नवरा-बायकोचं भांडण, तेही मिटवूनच आम्ही निघालो. सातच्या सत्तर गाड्या झाल्या, मग एकशेचाळीस. अठ्ठावीस वर्षं मी शेवटी निघाले आणि तो माझा मान होता.

१९८३ साली हार्म गेला. क्लबने ठरवलं, की त्याच्या आठवणीसाठी सभागृह बांधायचं आणि त्यात मला ठेवायचं. आता म्हातारी झाली, विश्रांती घेऊ दे! मला कोणी विचारलं नाही. विचारलं ते अल्विनाला. नवरा गेल्याच्या दुःखात तिने मान हलवली आणि कागदावर सही केली. खरं सांगते, मला तिचा राग आला होता.

सभासद हौशी. जमीन पक्की केली, मला मधोमध आणून उभं केलं आणि तीन शनिवारांत माझ्या चारी बाजूंनी विटांच्या भिंती उठवल्या. क्लास मुल्डर गवंडी, त्यामुळे काम भराभर झालं. छप्पर चढलं, दार बसलं, ॲपल पाय आणि कॉफी झाली. तेव्हा क्लासने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि तो म्हणाला, "काय रे, आता हिला बाहेर कशी काढायची?"

मग जो हशा पिकला! "काढायचीच कशाला? मानाची गाडी आहे ती!" हार्म असता तर दार तीनदा मोजलं असतं.

मित्रांनो, मानाची कैद फार वाईट. रोज पुसायचे, पण हवा लागू द्यायचे नाहीत. समोर दोरी बांधली, पितळी पाटीवर नियम कोरला आणि घंटा खिळ्याला टांगली. त्या दिवसापासून ती कोणी वाजवली नाही. जूनमध्ये बाहेर मेळावा भरायचा. मोटारी सुरू झालेल्या मला ऐकू यायच्या, एकेक गाडी निघून जायची आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी. माझ्याआधी सगळे गेले, आता माझी पाळी, असं दरवर्षी वाटायचं. माझे टायर बसले, पडदे विटले. जीव नुसता गुदमरायचा, पण सांगणार कोणाला?

एकतीस वर्षं गेली. सभासद वयाने वाढले, संख्येने घटले आणि शेवटी अकरा उरले. तो चिखलातला लॉयड आता साठीचा, क्लबचा अध्यक्ष. क्लब बंद करायचा, सभागृह विकायचं असं ठरलं. घेणाऱ्याला इमारत धड हवी होती, सोमवारी किल्ली द्यायची होती. माझं काय? लॉयडने माझ्यासमोरच सांगितलं, की कापून तुकडे दारातून काढू आणि '१' आकडा असलेला पत्रा प्रत्येकाने पाळीपाळीने वर्षातून महिनाभर घरी लावायचा. दुसऱ्या दिवशी करवत येणार होती. भीती काय असते ते मला त्या शनिवारी कळलं.

त्याच दुपारी क्लबच्या शेवटच्या जेवणाला अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अल्विनाला वृद्धाश्रमातून आणलं होतं. ती वाटाण्याचं सूप थोडंसं प्यायली. मला कापायचं ठरलंय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. जेवण झालं, मिठ्या मारून झाल्या आणि लोक मोटारींकडे निघाले. तिने काठी टेकत येऊन खिळ्यावरची घंटा काढली.

"राहू द्या, अल्विना," लॉयड म्हणाला. "थकाल तुम्ही."

"नियम आहे," ती म्हणाली आणि तिने घंटा वाजवली. "कोणी राहिलं का?"

ती सगळ्या खोलीभर फिरली. दुसऱ्यांदा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडताना ती माझ्यासमोर आली आणि थांबली. मला आवाज असता तर मी छप्पर उडवलं असतं! पत्र्यावर खडूच्या पांढऱ्या रेघा होत्या, कुठे कापायचं त्याच्या. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं.

"लॉयड, ही राहिलीय."

"अल्विना, ती दारातून जात नाही. तुम्हाला माहितीय ना?"

तिने दोरी खाली टाकली आणि सरळ माझ्या पायरीवर बसली. "मग मीही जात नाही. सही करून हिला इथे मीच कोंडलं. तुला चिखलातून काढलं तेव्हा हार्मने असं म्हटलं होतं का, की जात नाही तर कापू या?"

लॉयडचा चेहरा पडला. "पण भिंत फोडायची म्हणजे... बाबांनी बांधलीय हो ती."

"त्याला तीन शनिवार लागले. परत बांधायला तुला किती लागतात बघू. आणि या खेपेला दार मोजून ठेव!"

बाहेर मोटारी सुरू होत्या. लॉयड बाहेर जाऊन म्हणाला, "बंद करा रे गाड्या. एक जण राहिलंय." त्याने घेणाऱ्याला फोन केला. त्या गृहस्थाला तिथे आपली होडी ठेवायची होती, मोठं दार त्याला आयतंच हवं होतं. सगळ्यांच्या मोटारींत हातोडे निघाले, कारण हातोड्याशिवाय घरगाडीवाला घर सोडत नाही. पहिली वीट लॉयडने काढली आणि ती गुपचूप खिशात घालायला बघितली, पण मावली नाही.

संध्याकाळी सहा वाजता भिंतीत आठ फूट उजेड पडला. माझ्या चाकांखाली फळ्या घातल्या आणि लॉयडच्या मोटारीने मला ओढलं. सांधे कुरकुरले, एक खिडकी निखळली. बाहेर आले तेव्हा अंगावर सरोवराकडचा वारा आला आणि मला रडूच फुटल्यासारखं झालं.

अल्विना रिकाम्या खोलीत परत गेली, घंटा वाजवून तीनदा ओरडली. कोणी ओ दिली नाही. मग ती बाहेर येऊन माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, "चल. आता आपण निघायचं."

सध्या मी लॉयडच्या अंगणात असते. पावसात थोडी गळते, नातवंडं पायरीवर उड्या मारतात. माझी काही तक्रार नाही. मित्रांनो, कोणाचा मान करायचा असेल तर खुशाल करा. फक्त भिंती उठवण्याआधी दार मोजा, आणि निघताना एकदा मागे वळून हाक मारा.