तंबूतला स्टोव्ह

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी एका निवृत्त मास्तरांना चढावर गाडी थांबवायला शिकवत होतो. माझा धंदाच तो. तिच्या बर्फ-संशोधन संस्थेच्या संचालकांचा फोन आला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ध्रुवाकडे, बर्फावरच्या छावणीत वादळ झालं. थंडीने गेल्या त्या." मास्तरांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यांना मी घरी सोडलं की नाही, आठवत नाही.

पुढचा महिनाभर मी पांघरूण घेतलं नाही. ती कुडकुडत गेली, हे डोक्यातून जाईना.

मग तिच्या तंबूत राहणारी सहकारी परतली आणि मला भेटायला आली. पाण्याचा पेला नुसता हातात धरून बसली.

"थंडीने नाही हो," ती म्हणाली. "तंबूत चांगली ऊब होती."

वादळात वरच्या झरोक्यातून भुरभुर बर्फ आत यायला लागला, म्हणून दोघींनी झरोका बांधून टाकला. प्यायच्या पाण्यासाठी बर्फ वितळवायचा, तर स्टोव्ह पेटलेला. ही सहकारी शेजारच्या तंबूत वायरलेसवर बोलायला गेली आणि वाऱ्यामुळे तिथेच अडकली. परत येऊन बघते तर माझी बायको पातेल्याशेजारी आडवी. कोंडलेल्या स्टोव्हमधून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो.

"हे शिकवलं नव्हतं तुम्हाला?"

"शिकवलं होतं की. पडद्यावर दाखवलं. पण तिथे वारा सुटला की माणसाला एकच सुचतं, थंडी आत येऊ द्यायची नाही. बाकी सगळं शिक्षण त्याचंच झालं होतं ना."

मी संचालकांना फोन लावला. ते म्हणाले, "तुम्हाला त्रास नको म्हणून तपशील टाळले." माझ्या त्रासाची एवढी काळजी. मी फोन भिंतीवर फेकला. भिंतीला काही झालं नाही.

तिची तयारी मी डोळ्यांनी पाहिली होती. हृदय तपासलं, डोळे तपासले. तिथे डॉक्टर लांब, म्हणून अक्कलदाढ उपटली, धडधाकट अपेंडिक्स काढून टाकलं. मी म्हणालो होतो, "तिकडे पोचेपर्यंत तुझं शिल्लक काय राहणार गं?" ती म्हणाली, "जीभ शाबूत आहे. तुला तेवढी पुरे." एवढं सगळं करून घेतलं, आणि स्टोव्ह मात्र पेटवायला लावला संस्थेच्या मागच्या मोकळ्या पटांगणात, वाऱ्यावर. कारण तंबूच्या आत जाळ करायला आगीच्या नियमात मनाई.

मी हे गिळलंही असतं. पण पुढच्या तुकडीत माझी मेहुणी आहे. आम्ही तिला धाकटी म्हणतो. तीही बर्फाचाच अभ्यास करते.

तिच्या प्रशिक्षणाच्या दिवशी मला आमंत्रण होतं. प्रशिक्षणाच्या हॉलला माझ्या बायकोचं नाव द्यायचं होतं आणि मी दोन शब्द बोलायचे होते. पाटीवरचं कापड ओढायला दोरी माझ्या हातात दिली. मी ओढली नाही.

"स्टोव्ह कुठे शिकवणार?" मी विचारलं.

सुरक्षा अधिकारी पुढे आले. "पटांगणात. साहेब, आपण नंतर बोलू का?"

"आत्ता बोलू. तंबू लावा, आत स्टोव्ह पेटवा, झरोका उघडा ठेवून ह्या तुकडीला गारठ्यात पाणी करू दे. पुन्हापुन्हा करू दे. मी खुर्चीवर बसवून कुणाला गाडी शिकवत नाही."

"तुम्ही शिकवलेल्यांना अपघात होत नाहीत का?" ते म्हणाले.

होतात. त्यांचाच चेहरा पडला. बाजूला येऊन हळू म्हणाले, "मी आत पेटवायची परवानगी वरिष्ठांकडे मागितली होती. त्या जायच्या आधीच मागितली होती. नाही मिळाली. ह्या वेळी प्रत्येक तंबूत वायू ओळखणारं यंत्र देतोय."

"आणि ते वाजलं की काय करायचं, हेही पडद्यावरच दाखवणार?"

संचालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही समजू शकतो, तुमच्या भावना..."

"भावना गेल्या खड्ड्यात. हात काढा." त्यांनी काढला. "तुमच्या आगीच्या नियमाने हा हॉल वाचला. हॉलला काही झालं नाही. त्यालाच आता तिचं नाव देताय."

एकाने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. धाकटीने माझा दंड धरला आणि मला बाहेर गाडीपर्यंत आणलं.

"भाऊजी, माझी शोभा केलीत सगळ्यांसमोर."

"होऊ दे."

"ताई काय दूधखुळी होती? तिला वायूचं माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. म्हणूनच सांगतोय. माहीत असून बांधला तिने झरोका."

ती टपावर कोपर टेकून उभी राहिली. "मी जाणार आहे. तुम्ही कितीही आरडाओरडा करा. झरोका उघडा ठेवीन मी, शप्पथ."

"तंबू आण माझ्या अंगणात. आपण करू. आगीच्या बंबवाल्यांना मी बघून घेतो."

"तंबू जहाजात चढले भाऊजी. सामान आधीच पाठवतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी करून बघायचं का, असं मी तुकडीच्या प्रमुखांना विचारलं."

"मग?"

"बघू म्हणाले. हवा कशी असेल त्यावर."

मी तिला घरी सोडलं. वाटेत एकदा सिग्नल तोडला.

तेव्हापासून तंबूत स्टोव्ह पेटवायच्या परवानगीसाठी मी रोज अग्निशमन कार्यालयात जाऊन बसतो. तिथला कारकून मला बघितलं की चष्मा पुसायला घेतो. संस्थेने विचारायला हवं, म्हणतो. संस्था म्हणते, तिथून लेखी यायला हवं. पाटीवरचं कापड त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ओढून घेतलं म्हणे.

परवानगी आलेली नाही. धाकटीची तुकडी ह्या आठवड्यात निघते. त्यांच्यातल्या एकानेही अजून तंबूच्या आत स्टोव्ह पेटवलेला नाही.