देवळात शोभणारी गाडी

तोकुनागा हिसानोरी आपल्या गाडीला 'राणीसाहेब' म्हणत आणि बायको सेत्सुयोच्या गाडीला 'डबा'.

राणीसाहेब त्यांच्या वडिलांच्या तरुणपणातल्या. लांबलचक नाक, चकचकीत बंपर, काळाभोर रंग. दर रविवारी त्यांना मऊ फडक्याने पुसून काढलं जाई. सेत्सुयोच्या वाट्याला तेवढी माया लग्नानंतर कधी आली नाही, आणि ते तिला बोचायचं. जपानात छोट्या गाड्यांना असते तशी पिवळी नंबरपट्टी असलेला डबा सासूबाईंना दवाखान्यात नेई, तांदळाची पोती आणी, बर्फातही कुरकुरत नसे.

शेजारच्या जागामालकाने गाडी लावायची भाड्याची एक जागा परत मागितली आणि पेच पडला. आपली जागा दाखवल्याशिवाय पोलीस गाडी ठेवू देत नाहीत. आता जागा एक आणि गाड्या दोन.

"डबा विकून टाकू," हिसानोरी सूप भुरकत म्हणाले.

"आणि आईंना दवाखान्यात कोण नेणार?"

"टॅक्सी आहे की. अगं, गाडीला रुबाब लागतो. त्या डब्यात आहे का रुबाब?"

डबा गेला की भाजी आणायलाही नवऱ्याची मर्जी सांभाळावी लागणार होती. पण सेत्सुयोने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"दर जानेवारीत मी डब्याच्या पूजेला डोंगरावरच्या देवळात जाते. यंदा दोन्ही नेऊ. जी आपल्या चाकांवर घरी येईल, ती ठेवू."

"कबूल," हिसानोरी हसले. ते त्या पूजेला कधीच गेले नव्हते. राणीसाहेबांना देवाची गरज नाही, असं त्यांचं मत होतं.

देवळाच्या आवारात राणीसाहेब धूर सोडत उभ्या राहिल्या आणि जमलेले सगळे फोटो काढायला धावले. डब्याला कुणीतरी आपली छत्री टेकवून ठेवली. पुजारीही भारावले. "अशी गाडी खरं तर देवळातच ठेवायला हवी," ते सगळ्यांदेखत म्हणाले. हिसानोरींची छाती फुगली.

मग पुजाऱ्यांनी पांढऱ्या कागदी झिरमिळ्यांची काठी उचलली. "दारं उघडा, डिकी उघडा. आणि इंजिन बंद करा."

हिसानोरींचा चेहरा उतरला. "चालू राहिलं तर नाही का चालणार?"

"देवापुढे?" पुजाऱ्यांनी विचारलं.

इंजिन बंद झालं. डिकी उघडली. आत ओढायचा दोर आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या वायरी, सेत्सुयोच्या हरवलेल्या एप्रनमध्ये गुंडाळलेल्या. रविवारी पहाटे हिसानोरी डब्याच्या बॅटरीवर राणीसाहेबांना जागं करायचे, ते तिला ठाऊक होतंच. एप्रनचा पत्ता मात्र आज लागला.

पूजा आटोपली. डबा लगेच सुरू झाला. राणीसाहेब खोकल्या आणि गप्प बसल्या. पुजाऱ्यांनी काठी आणखी एकदा फिरवून पाहिली, तीही फुकट गेली.

"अगं, तुझी गाडी जरा जवळ घे. वायरी लावू."

"गाडी? डबा ना तो?"

"सेत्सुयो, लोक बघतायत."

"बघू दे की. त्यासाठीच तर आणलीत." मग ती पुजाऱ्यांपुढे कमरेत वाकली. "तुमचा शब्द कसा मोडायचा? राणीसाहेबांना इथेच ठेवून घ्या."

पुजाऱ्यांनी नाइलाजाने मान हलवली. सगळ्यांदेखत बोललेलं आता गिळता येत नव्हतं.

हिसानोरी गुडघे पोटाशी घेऊन डब्यात बसले. गाडी डोंगर उतरू लागली. थोड्या वेळाने पाठीला ऊब लागली तसे ते दचकले.

"ही सीट गरम होते?"

"पहिल्यापासून होते. तुम्ही कधी बसलात?"

ते सावकाश मागे रेलले. त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

"बरं वाटतंय," ते पुटपुटले.

"डब्यात कसलं आलंय बरं वाटणं," सेत्सुयो म्हणाली आणि त्यांच्या बाजूचं बटण बंद केलं.