खंडेनवमीचा सर्व्हर

कौतिक मास्तरांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं आणि खंडेनवमीला कुणाला कंपासपेटीसुद्धा उघडू दिली नाही. हत्यार वर्षभर राबतं, एक दिवस त्याला बसू द्यावं, पूजा करावी आणि दसऱ्याच्या सकाळीच उचलावं. निवृत्तीनंतर मास्तरांचं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. म्हणून नवमीच्या सकाळी त्यांनी स्वतःच त्याची वायर काढली, त्याला पुसून चौरंगावर बसवलं, झेंडूची माळ घातली. माउसला कुंकू नेमकं कुठे लावायचं यावर थोडा विचार केला आणि शेवटी दोन्ही बटणांना सारखं लावलं.

बारा वाजता हॉलंडहून लेकीचा, सुलभाचा फोन आला.

"पप्पा, सर्व्हर बंद का आहे?"

हा सर्व्हर बापलेकीनं सहा रविवार खपून उभा केला होता. कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं दुसरा कॉम्प्युटर मांडायचा, त्याला म्हणायचं व्हर्च्युअल मशीन. आणि त्याच्या आत व्हीपीएन. "पहिला कमी त्रास देत होता का?" असं कोकिळाबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. मास्तरांनी बायकोला बुरहानपूरच्या जुन्या भुयारी कालव्याचा, कुंडी भंडाऱ्याचा दाखला दिला. पाणी डोंगराकडून जमिनीखालून येतं, वरच्याला पत्ता नाही, आणि निघतं थेट गावात. तशी सुलभा हॉलंडात शिरते आणि इंटरनेटवर आपल्या मोहल्ल्यातून, इतवाऱ्यातून निघते. कोकिळाबाईंना पटलं. कुठूनही निघो, जेवून निघावी, एवढीच त्यांची अट होती.

आज मात्र गरज मोठी होती. बुरहानपूरजवळच्या केळी संशोधन केंद्रात जागा निघाली होती. एकच. सुलभा पाच वर्षं तिकडे केळीच्या रोगांवरच काम करत होती, आणि तिला घरी यायचं होतं. अर्जाची वेबसाइट देशाबाहेरून उघडत नव्हती, आणि मुदत आज संध्याकाळी सहाची.

"शिफारसपत्र आत्ता हातात आलं, पप्पा. आणि माझं इकडचं ॲप अपडेट झालंय, त्याला जुना सर्व्हर चालत नाही. तुम्हाला तोही अपडेट करावा लागेल."

मास्तरांनी चौरंगाकडे पाहिलं. चौरंगामागे कोकिळाबाई उभ्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मी बोललोच कुठे?"

"तोंडावर लिहिलंय. मागच्या नवमीला मला विळी उचलू दिली नाही तुम्ही. हातानं भेंडी मोडली मी."

"अगं, पूजा बाहेरच्या मशीनची झाली. आतलं वेगळं आहे."

"पोळ्याला बैल बसवायचा न् त्याच्या पोटाला जुंपायचं? पोरगी मलाबी हवी. पण नेम मोडून नको. दुसरं हत्यार बघा."

कोकिळाबाईंचा भाऊ चुडामण, केळीचा व्यापारी, खाटेवर बसून करंज्या खात होता. "दाजी, माझा लॅपटॉप दिला असता. पण तो बी वजनकाट्याशेजारी हळद लावून बसलाय. आज अख्ख्या इतवाऱ्यात चालतं मशीन भेटणार नाही." हे तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. मोबाइलची पूजा करायचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मास्तर एकदम उठले. व्हर्च्युअल मशीनची हीच तर मजा! अख्खं मशीन म्हणजे एक फाइल, आणि तिची नक्कल पेनड्राइव्हमध्ये, कपाटाच्या किल्ल्यांना लटकलेली. कोकिळाबाईंनी निकाल दिला की किल्ली हत्यारात येत नाही. राहिला लॅपटॉप. पलीकडच्या गल्लीत मुनाफभाईंचे कापडाचे लूम होते. मास्तरांचा फोन जाताच ते स्वतःच लॅपटॉप बगलेत मारून आले.

"मास्टरसाब, हमारा तो साल भर खड़ा ही रहता है. चलाओ."

राउटर भिंतीवर उंच होता, तिथे मास्तरांचा हात पोचला नव्हता, म्हणून तो पूजेतून वाचला होता. फाइल उतरायला आणि आतलं मशीन उभं राहायला साडेतीन झाले. सुलभानं फोनवरून आधी स्नॅपशॉट घ्यायला लावला, म्हणजे बिघडलं तर मशीन आहे तसं परत मिळतं. मग अपडेट. पडद्यावर ओळी धावल्या, मास्तरांनी ऐटीत एंटर मारले, मशीन पुन्हा सुरू झालं.

व्हीपीएन मेला होता.

"दाजी, नापास," चुडामण म्हणाला.

पावणेपाच. मास्तरांनी घाम पुसला, स्नॅपशॉटवर परत गेले, आणि या वेळी प्रत्येक ओळ चष्मा लावून वाचली. मधेच पडदा विचारत होता: सेटिंगची जुनी फाइल ठेवू की नवी घालू? मघाशी त्यांनी नवी घाला म्हटलं होतं, प्रश्न पूर्ण न वाचता. याच गुन्ह्यासाठी त्यांनी चाळीस वर्षं पोरांचे गुण कापले होते.

"कोणाला सांगू नका," ते मुनाफभाईंना म्हणाले आणि 'जुनी ठेवा' दाबलं.

पाच पस्तीसला सुलभा किंचाळली, "लागलं, पप्पा! लागलं!" मग फोनवर नुसती टाइप करण्याची टकटक. खोलीत कुणी करंजीसुद्धा चावेना. पाच बावन्नला सुलभानं पाठवलेली अर्जाची पावती मास्तरांच्या मोबाइलवर आली. मुनाफभाईंनी चुडामणला मिठी मारली, दोघांची ओळख नसताना.

कोकिळाबाईंनी मोबाइल हातात घेतला आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. नाव, क्रमांक, वेळ. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. अर्ज भरल्याचं ठिकाण: बुरहानपूर.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, मग फोन तोंडाशी धरला. "सुले, कागदावर तर तू पोचलीस घरी. आता मागून तूबी ये."